सातव्या लेव्हलचा कान

तिला सगळे सुई म्हणत. खाणीवर येण्याआधी ती कपडे शिवायची, आणि आल्यावर तिचं काम सुईसारख्या बारीक पेनांकडे बघत बसण्याचं होतं. दोन्ही अर्थी नाव चिकटलं. मी तिला वहिनी म्हणायचो. तिचा नवरा ड्रिलवर होता, मी टेकूवर. तो भोक पाडायचा, मी मागून छताला लाकडी टेकू देऊन पाचर ठोकायचो. सात वर्षं एकाच छताखाली काम केलं की माणूस भाऊ होतो, तिथे रक्त विचारत नाहीत.

तिची खोली माणसं खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या तोंडाजवळ होती. दहा फूट बाय बारा फूट, एक खिडकी, एक टेलिफोन, आणि भिंतीला लागून कागदाचा रोल फिरवणारं यंत्र. त्यावर बारा पेनं. खाली बारा लेव्हल, प्रत्येक लेव्हलच्या खडकात सिमेंटने बसवलेला एक कान. कान म्हणजे पेल्याएवढा लोखंडी डबा. खडक कुठे तडकला, सरकला, की डब्याला धक्का बसतो, तारेतून वर येतो आणि पेन उडी मारतं. कागदावर दात उमटतो. कागदावर अर्ध्या इंचावर छापील रेघ होती. रेघ ओलांडणारा दात मोजायचा, खालचा सोडून द्यायचा. तासाभरात चाळीस दात झाले की भोंगा देऊन ती लेव्हल रिकामी करायची. भूकंपाची तारीख कुणाला सांगता येत नाही, खाणीतल्या धक्क्याचीही नाही. पण मोठा धक्का येण्याआधी खडक बहुतेक वेळा कुरकुरतो, आणि ती कुरकुर मोजता येते. सगळी विद्या एवढीच.

पिंजऱ्यात शिरताना लोक तिला खिडकीतून विचारायचे, "सुईताई, आज खडकाला ताप किती?"

"तुझ्या डोक्यापेक्षा कमी. जा."

तिची सासू शेजारपाजारी सांगायची, "माझी सून दगडाची नाडी बघते. माझी कधी बघितली नाही."

ती त्या खोलीत कशी आली ते आधी सांगतो.

सातव्या लेव्हलला सकाळी दहाच्या सुमारास छत खाली आलं. चार माणसं गेली, त्यातला एक तिचा नवरा. मी त्या वेळी लाकूड आणायला पिंजऱ्यापाशी गेलो होतो. सात फुटी टेकू एकट्याने खांद्यावर आणायचा तर दोनदा थांबावं लागतं. मी दुसऱ्यांदा थांबलो होतो. हवेच्या धक्क्याने मला लाकडासकट आडवा केला. उठलो तेव्हा पुढे बोगदा नव्हता.

चौकशी झाली. त्या तासाची मोजणी नऊ निघाली. चाळीस कुठे आणि नऊ कुठे. त्या पाळीचे इंजिनीअर साहेब, ज्यांच्या हुकमात सातवी होती, त्यांनी अहवालावर सही केली. अहवालात एक वाक्य होतं: "खडकाने कोणतीही पूर्वसूचना दिली नाही." तिला ते ऑफिसात उभं करून वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. मग नवऱ्याच्या जागी तिला नोकरी दिली, मोजणीच्या खोलीत, कारण तिथली म्हातारी बाई निवृत्त होत होती आणि बसून करायचं काम होतं.

बसून करायचं काम म्हणजे सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सहा तास एका कागदावरून नजर न काढता बसून बघावं. तिला ते पहिल्या दिवसापासून जमलं. डोळे शिवणकामाने तयार झालेले होते. पहिल्या वर्षी ती यंत्र शिकली. कोणता दात खडकाचा, कोणता गाडीच्या चाकाचा, कोणता पंपाचा. दुसऱ्या वर्षी तिने पेनं स्वतः साफ करायला घेतली. तिसऱ्या वर्षी तिने कोठाराची किल्ली मागितली. जुने रोल तिथे पडून होते. तिने सांगितलं, उंदीर लागलेत, नीट लावून ठेवते. कुणी कशाला नाही म्हणेल.

रोज पाळी संपल्यावर एक तास ती कोठारात बसायची. सोबत गळ्यातली शिवणकामाची टेप. तिने काय मोजलं ते मी सांगतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. खाणीत सुरुंग ठरलेल्या वेळी उडतात आणि प्रत्येक लेव्हलला दारूचा बार ठरलेला असतो. म्हणजे त्या वेळी कागदावर उठणारा दात रोज सारख्या उंचीचा यायला हवा. तिने सातवीचा सुरुंगाचा दात रोजचा रोज टेपने मोजत नेला. दोन इंच. दोन इंच. दोनला एक सूत कमी. दोन इंच. असे कित्येक महिने. मग अपघाताच्या वीस दिवस आधी, एका मंगळवारी, अर्धा इंच. बुधवारी अर्धा इंच. तिथून शेवटपर्यंत अर्धा इंच. सहावी आणि आठवी त्याच दिवसांत जशीच्या तशी.

बार बदलला नव्हता. कान बहिरा झाला होता. बरोबर चौपट.

मग तिने शिवणकामाचा खडू घेतला आणि शेवटच्या दिवसाच्या रोलवर छापील रेघेच्या खाली, एका सुतावर, दुसरी रेघ ओढली. अर्ध्या इंचाचा चौथा भाग म्हणजे एक सूत. त्या रेघेवरचे दात मोजले. नऊ ते दहाच्या तासात अठ्ठावन्न. चाळीसावा दात नऊ वाजून सदतीस मिनिटांनी पडलेला. तेव्हा भोंगा वाजला असता तर दहापर्यंत सगळे वर आले असते. मी लाकूड टाकून पळालो असतो. तो ड्रिल टाकून पळाला असता. ड्रिल टाकायला त्याला दोन सेकंद लागायचे.

दुसऱ्या दिवशी तिने मला खोलीत बोलावलं. टेबलावर रोल पसरलेला, वर टेप.

"भावजी, त्या मंगळवारी सातवीत कानापाशी कोण गेलं होतं?"

मी रोलकडे बघितलं. खोटं बोलायचं असतं तर तेवढा वेळ होता.

"मी," म्हणालो. "आणि साहेब."

"काय केलंत?"

सांगितलं. त्या महिन्यात सातवी तीनदा रिकामी करावी लागली होती. साहेबांना वरून बोलणी बसत होती. ते मला घेऊन खाली गेले आणि म्हणाले, कान फार नाजूक बसलाय, उंदीर शिंकला तरी उडी मारतो, जरा शांत कर. मी सिमेंट फोडून डबा काढला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे चार घड्या गोणपाट गुंडाळलं. परत भोकात बसवला आणि तोंडाशी बोटभर सिमेंट लावलं, वरून जसं होतं तसं दिसेल असं. चाळीस मिनिटांचं काम. हात लावला तरी कळलं नसतं. मला वाईट काम येत नाही.

"तुम्हाला कळलं नाही, काय करतोय ते?"

"साहेब म्हणाले म्हणून केलं."

"ते विचारलं नाही."

तिने टेप गुंडाळली. गुंडाळताना शेवटचं टोक दर वेळी निसटायचं, ते तिने अंगठ्याने दाबून धरलं.

"वहिनी, हे रोल घेऊन वर जाऊ. मी सांगतो सगळं."

"तुम्ही सांगाल, तो नाही म्हणेल. पेन जुनं होतं म्हणेल, शाई जाड होती म्हणेल. गोणपाट दाखवा म्हणेल. कुठंय गोणपाट? ढिगाऱ्याखाली." तिने रोल उचलला. "त्याला वेळ आहे. तुमचं नंतर बघू."

त्या दिवसानंतर तिने मला भावजी म्हटलं नाही. टेकूवाले म्हणायची, तेही कामापुरतं.

सात वर्षं ती थांबली. साहेब या काळात चढत गेले आणि पूर्ण खाणीचे प्रमुख झाले. रोज सकाळी तिच्या खिडकीसमोरून जायचे. ती उठून उभी राहायची, नियम होता तसा. त्यांचा चेहरा बघून परत बसायची आणि पेनांकडे बघायची. एकदा त्यांनी तिचं कौतुक केलं, सात वर्षांत एक मोजणी चुकली नाही म्हणून. ती म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले, सर." ते खूश होऊन गेले. मी तिथे उभा होतो.

मग सातवी परत उघडायचं ठरलं. ढिगारा काढून, बगलेने नवा बोगदा नेऊन. टेकू मीच दिले, एकशे चाळीस. कानही नवा, मीच बसवला, पूर्ण सिमेंटमध्ये. तपासणीला बाहेरून एक अधिकारी बाई येणार होत्या, गुरुवारी, आणि साहेब स्वतः त्यांना खाली नेणार होते. त्या आठवड्यात सातवी कुरकुरू लागली. सोमवारी तासाला जास्तीत जास्त एकोणीस दात. मंगळवारी चोवीस. बुधवारी एकतीस. चाळीसच्या आत होतं, त्यामुळे भोंगा नाही. साहेबांना रोजचा आकडा जात होता. त्यांनी तपासणी पुढे ढकलली नाही.

बुधवारी पाळी सुटायच्या आधी तिने मला फोनवर खालून वर बोलावलं. टेबलावर गोणपाटाचा तुकडा होता. कडा शिवलेल्या. तिला सुटे धागे बघवत नसत.

"हे घेऊन खाली जा. सातवीच्या कानाला बांधा. तेव्हा बांधलं होतं तसंच. चार घड्या."

मी तिच्याकडे बघितलं.

"वहिनी, उद्या चाळीसच्या वर जाणार आहे. मोजणीत दिसणारच नाही."

"माहीत आहे."

"साहेब असतील खाली."

"म्हणून तर."

"मी असेन. टेकू दाखवायला मलाच नेणार आहेत. त्या अधिकारी बाई असतील. त्यांनी काय केलंय?"

"माझ्या माणसाने काय केलं होतं?" तिचा आवाज वाढला नाही. "तेव्हा साहेबांनी सांगितलं आणि तुम्ही बांधलंत. मी सांगतेय. की त्याला साहेबच लागतो?"

मी गोणपाट घेतलं. का घेतलं हे मला लोकांनी नंतर पुष्कळ विचारलं. माझ्यावर तिचं चार माणसांइतकं देणं होतं, आणि उद्या मीही त्याच छताखाली असणार होतो. एवढंच उत्तर आहे. खाली जाऊन सिमेंट फोडलं, चार घड्या दिल्या, वर बोटभर सिमेंट. या वेळी पन्नास मिनिटं लागली. वय झालं होतं.

गुरुवारी साडेनऊला आम्ही पिंजऱ्याने उतरलो. साहेब, अधिकारी बाई, त्यांचा एक मदतनीस आणि मी. साहेब बोलत होते, छताला हात लावून दाखवत होते. मी पहिल्या टेकूला हात लावला. लाकूड गरम नव्हतं, पण ताणलेलं होतं. टेकूवर ताण आला की त्याच्या सालीत बारीक आवाज येतो, गवतावरून चालल्यासारखा. तो येत होता. साहेबांनाही ऐकू यायला हवा होता. ते वीस वर्षं खाणीत होते. पण त्यांनी सकाळीच मोजणी विचारून घेतली होती आणि मोजणी सात होती. आकडा हातात असला की कान बंद होतात. बरेच लोक असे मेलेत.

कानापाशी पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ओल्या सिमेंटकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. ती फोन करणार की नाही, मला माहीत नव्हतं. मी तिचा चेहरा आठवून बघितला. त्यात काही सापडलं नाही.

भिंतीवरच्या लोखंडी पेटीतला टेलिफोन वाजला. मी उचलला.

"साहेबांना द्या," ती म्हणाली.

दिला. त्या फोनचा आवाज मोठा असतो, यंत्रांच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून. मला सगळं ऐकू आलं.

"सर, सातवीची मोजणी तेरा."

"बरं. मग?"

"कानाला गोणपाट बांधलंय. चार घड्या. तुम्ही बांधायला लावलं होतं तसंच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी आधी कानाकडे बघितलं. अधिकारी बाईंना नुसती भिंत दिसत होती. साहेबांना त्या भिंतीत काय आहे ते दिसत होतं. जगात तिघांनाच ते दिसू शकत होतं आणि तिघे त्या तारेवर होतो.

"खरा आकडा किती?" त्यांनी आवाज खाली आणला.

"कागदावर तेरा आहे, सर. तेराला लेव्हल रिकामी करत नाहीत. तुम्ही थांबू शकता."

"बाई, आकडा सांगा."

"तेरा."

टेकूंचा आवाज आता अधिकारी बाईंनाही ऐकू आला. त्यांनी वर बघितलं. "काय झालं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. मग फोनमध्ये, "मी लेव्हल रिकामी करतोय. भोंगा द्या."

"रजिस्टरमध्ये लिहा, सर. वेळ, मोजणी, सही. वाचून दाखवा, मग भोंगा देते. नियम आहे."

नियम होता. रजिस्टर फोनशेजारी साखळीला अडकवलेलं असतं. साहेबांनी माझ्या हेल्मेटच्या उजेडात लिहिलं. "दहा वाजून चौदा मिनिटं. मोजणी तेरा. धोका जाणवल्याने लेव्हल रिकामी केली." सही. अक्षर वाकडं आलं, पण सही स्वच्छ होती. मोठ्याने वाचलं. अधिकारी बाई खांद्यावरून बघत होत्या.

"तेराला? नियम चाळीसचा आहे ना?"

साहेब उत्तर द्यायला थांबले नाहीत. भोंगा सुरू झाला आणि ते सर्वांच्या आधी पळाले. पिंजऱ्यापर्यंत चारशे फूट. अधिकारी बाई मागे, त्यांचा मदतनीस त्यांच्या मागे, मी शेवटी. मी साखळी तोडून रजिस्टर बगलेत घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पण ती सही खाली राहू द्यायची नाही, एवढं मला कळलं.

वर ती खोलीच्या दारात उभी होती. दोन्ही हातांत एकेक रोल, गळ्यात टेप. तिने साहेबांकडे बघितलंही नाही. अधिकारी बाईंना म्हणाली, "नऊच्या मोजणीला चार माणसं खाली ठेवली आणि लिहिलं, खडकाने सूचना दिली नाही. तेराला स्वतः पळून आले. दोन्हीवर सही एकच आहे. आता बसा, मी मोजून दाखवते."

त्यांनी तीन तास मोजलं. आजच्या रोलवर खडूच्या रेघेने सव्वानऊ ते सव्वादहाच्या तासात एकोणपन्नास दात होते.

"चाळीस कधी झाले?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"दहा वाजून चार मिनिटांनी."

"तुम्ही फोन तेव्हाच केला असतात तर? मी खाली होते."

"दहा वाजून चारला केला असता तर ते सही टाळायला कारण शोधत बसले असते," ती म्हणाली. "मला त्यांना घाबरलेलं हवं होतं. तुमची माफी मागते. त्यांची नाही."

सातवी त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांनी दोन दिवस सांगून बघितलं, बाईने वेड लावलं, काही झालंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातवी एकशे चाळीस टेकूंसकट बसली. आत कुणी नव्हतं. माझा नवा कान, गोणपाट, सगळं आत गेलं.

फेरचौकशीत मी सगळं सांगितलं. या वेळी साहेबांना नाही म्हणता आलं नाही. त्यांचा परवाना गेला. जुन्या अहवालातलं वाक्य खोडून नवीन लिहिलं: "खडकाने पूर्वसूचना दिली होती; ती ऐकली जाऊ नये अशी व्यवस्था करण्यात आली." ती प्रत तिला मिळाली. तिने सासूला वाचून दाखवली. सासू म्हणाली, पुन्हा वाच.

साहेबांनी बंगला सोडला त्या दिवशी तिने रजा घेतली. एवढ्या वर्षांतली ती एकच. सकाळी नऊला समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. ट्रकमध्ये कपाट गेलं, पलंग गेला, फ्रीज गेला. साहेब तीनदा दारात आले, तिन्ही वेळा त्यांना ती दिसली. त्यांच्या बायकोने येऊन हात जोडले, "बाई, आता पुरे करा ना."

"मी काही करत नाहीये. उभी आहे," ती म्हणाली.

तीन वाजता ट्रक निघाला, तोपर्यंत उभी होती. घरी जाऊन पाय गरम पाण्यात घातले, म्हणे. शिवणकाम करणाऱ्याला उभं राहायची सवय नसते.

मला टेकूच्या मिस्त्रीवरून खाली साधा कामगार केलं. हे बरोबरच होतं. मी तिला जाऊन म्हणालो, शिक्षा झाली मला. ती पेनं साफ करत होती. "ती त्यांची झाली. माझी वेगळी आहे," म्हणाली. "दर शनिवारी सगळ्या लेव्हलवर उतरायचं. प्रत्येक कानाशेजारी खडकावर सळईने तीन ठोके द्यायचे. मी इथे दात मोजणार. दात एक इंच आला पाहिजे."

सातवीचा कान गाडला गेला होता, उरले अकरा. आठ वर्षं, दर शनिवारी. अकरा लेव्हल उतरायच्या, चालायचं, वाकायचं, तीन ठोके, मग फोनशी जाऊन थांबायचं. ती म्हणायची, "पुढची." एवढंच. कशी आहेस, कसा आहेस, काही नाही. पावसात भिजून आलो तरी नाही, गुडघा सुजला होता तेव्हाही नाही. मी तक्रार केली नाही. त्या आठ वर्षांत धक्क्याने एकही माणूस गेला नाही. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही.

माझा शेवटचा दिवस शनिवारीच आला. वर लोक निरोपाला थांबले होते. मी अकराही लेव्हल केल्या. शेवटच्या ठोक्यांनंतर फोनशी उभा राहिलो. आज ती वेगळं काही म्हणेल असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, ते मनात होतं.

"चौथी आखूड होती," ती म्हणाली. "अर्धा इंच. तेव्हा बोलले नाही, तुमचं सगळं होऊ दिलं. परत जा."

बाराव्या लेव्हलवरून चौथीवर. कानाशेजारी जाऊन बघितलं. सिमेंटला बोटभर तडा गेला होता आणि डबा आत सैल वाजत होता. ते मला ठोके देताना कळायला हवं होतं. घाई केली होती. सिमेंट फोडलं, कालवलं, पूर्ण भरलं, हाताने दाबत बसलो, धरेपर्यंत. पन्नास मिनिटं. मग तीन ठोके दिले आणि फोन उचलला.

"एक इंच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वर आलो तेव्हा निरोपाची मंडळी गेलेली होती. तिच्या खिडकीत दिवा होता. ती कागदाकडे बघत होती. मी हजेरीचा बिल्ला फळीवर टांगला आणि घरी गेलो.